सीडीवरून फाइलकडे : प्रत खरी कशावरून?

गेल्या पावसाळ्यात मी नाट्यसंगीताची एक सीडी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून संगणकात उतरवली. सीडी स्वच्छ होती, कुठे चरा नव्हता. दोन्ही वेळा फाइली एकाच आकाराच्या आल्या आणि ऐकताना कानाला तसूभर फरक कळला नाही. पण दोन्ही संचांचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक अंकावरून काढलेले पडताळ्याचे आकडे, समोरासमोर ठेवले तेव्हा एकाही पदाचा आकडा जुळेना. तबकडी एकच, वाचनं दोन, उत्तरंही दोन. यातली खरी प्रत कोणती?

ऑडिओ सीडी रिप करण्याच्या, म्हणजे संगणकात उतरवून घेण्याच्या, सगळ्या प्रश्नाची नाडी इथेच आहे. फाइल कोणत्या प्रकारची असावी, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, ड्राइव्ह केवढ्याचा, यावर रसिक मंडळी तासन्‌तास बोलतात. उतरवलेली प्रत मूळ तबकडीशी अंकन्‌अंक जुळते का आणि जुळते हे कुणी सांगायचं, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखं राहिलेलं नाही. नव्या लॅपटॉपला सीडीचा ट्रे नसतो, नव्या गाडीत प्लेअर नसतो. मुंबईत काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. पुण्याचं अलूरकर म्युझिक हाउस, लंडनची नवरस रेकॉर्ड्स, न्यूयॉर्कची इंडिया आर्काइव्ह म्युझिक, जर्मनीतली छंद धारा अशा छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना त्या पुन्हा दुकानात मिळतील याची खात्री नाही. स्ट्रीमिंगवर पुष्कळ काही आहे, आणि अ‍ॅपल म्युझिकने तर जून २०२१ पासून लॉसलेस आवाजही जादा पैसे न घेता दिला. पण तिथलं गाणं भाड्याचं असतं. करार संपला की ते यादीतून जातं, किंवा त्याच नावाखाली वेगळं मास्टरिंग येऊन बसतं. कपाटातली सीडी ज्या रूपात छापली गेली त्याच रूपात असते, आणि ते रूप जपायचं तर रिपिंगला पर्याय नाही.

आधी सीडीवर काय असतं ते पाहू. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचं प्रमाण ठरवलं. त्याला रेड बुक म्हणतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिले प्लेअर आणि पहिल्या सीडी बाजारात आल्या. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट, तासाभराच्या सीडीला सुमारे ६३५ मेगाबाइट. हे सगळं १.६ मायक्रॉन अंतराच्या वळणांच्या एका सर्पिल रेषेवर आतून बाहेर लिहिलेलं असतं. ती रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या घरात जाईल.

त्या तबकडीवर ‘फाइल’ नावाची वस्तू नसते. विंडोजमध्ये सीडी उघडली की ट्रॅकच्या नावाने ज्या चिमुकल्या फाइली दिसतात, त्या विंडोजने सोयीसाठी दाखवलेल्या पाट्या असतात. त्या ओढून हार्ड डिस्कवर टाकल्या तर गाणं येत नाही, पाटी येते. सीडीवर असतो तो आवाजाच्या अंकांचा सलग प्रवाह. सुरुवातीला कोणता ट्रॅक कितव्या मिनिटाला लागतो याची अनुक्रमणिका असते आणि प्रवाहाच्या जोडीने वेळेच्या बारीक खुणा चालत असतात. प्रवाहाचे सेकंदाला ७५ तुकडे, एकेक तुकडा २,३५२ बाइटांचा. हेच २,३५२ बाइट संगणकाच्या डेटा सीडीत वेगळ्या तऱ्हेने वाटलेले असतात. तिथे माहितीला २,०४८ बाइट दिले जातात आणि उरलेले ३०४ पत्ता लिहायला, चूक ओळखायला आणि ती दुरुस्त करायला राखलेले असतात. ऑडिओ सीडीत ही राखीव जागा नाही. रेड बुक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्लेअर होता. प्लेअरला गाणं सलग वाजवायचं असतं. विशिष्ट तुकडा नेमका उचलून कुणाच्या हातात द्यायचा नसतो. रिपिंग करणाऱ्यांना आजवर ज्या अडचणी येत आल्या आहेत, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या एका निर्णयात आहे.

चूक सुधारण्याची सोय ऑडिओ सीडीत अजिबात नाही, असं मात्र नाही. रीड-सॉलोमन संकेतांचे दोन थर तिथे आहेत, आणि एका जागचे अंक दूरदूर विखरून लिहिलेले असतात, म्हणजे एक चरा पडला तरी सलग गाणं जात नाही. रेषेच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट या व्यवस्थेत पूर्ण भरून निघते, एकही बिट न गमावता. त्यापलीकडे गेलं की प्लेअर अंदाज बांधतो. आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना पाहून मधला बसवतो. कानाला बहुधा कळत नाही, आणि गाणं ऐकायचं एवढाच हेतू असेल तर ती सोय उत्तमच आहे. प्रत काढणाऱ्याला मात्र तिथे फसायला होतं, कारण ड्राइव्हने अंदाजाने भरलेला अंक आणि खरा वाचलेला अंक फाइलीत गेल्यावर सारखेच दिसतात.

संगणकाला ऑडिओ सीडी अंकांच्या रूपात वाचता येऊ लागली, तेव्हाचे ड्राइव्ह आणखी एका बाबतीत कच्चे होते. एक तुकडा वाचून थांबले की पुढचा नेमका कुठून उचलायचा हे त्यांना कळत नसे. चार नमुने मागून उचलत किंवा चार पुढून, आणि जोडावर खट्ट असा आवाज येई. यावर ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांच्या सीडीपॅरानोया या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमने तोड काढली : प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याचा थोडा भाग धरून वाचायचा, दोन्हींतला सामायिक भाग जुळवायचा आणि मगच सांधायचं. फाटलेल्या पोथीची पानं शब्द जुळवून लावावीत तसं हे काम. पुढे ड्राइव्ह सुधारले आणि ही अडचण जवळपास संपली.

जर्मनीच्या आंद्रे वीटहॉफ यांनी १९९८ साली एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हा प्रोग्रॅम आणला, आणि रिपिंगकडे बघण्याची दृष्टीच बदलली. त्याच्या सिक्युअर पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन वाचनं जुळली नाहीत तर पुन्हा पुन्हा वाचून बहुमत पाहिलं जातं, आणि तरीही संशय उरला तर कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, ते अहवालात लिहून ठेवलं जातं. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी देणगी हा अहवालच आहे. आधीचे प्रोग्रॅम ‘झालं’ म्हणत. काय झालं आणि कुठे राहिलं, हे ईएसीने सांगायला सुरुवात केली.

दोनदा वाचण्यात एक गोम आहे. ड्राइव्हला स्वतःची छोटी स्मृती असते, तिला कॅश म्हणतात. तोच तुकडा लगेच पुन्हा मागितला तर ड्राइव्ह तबकडीकडे वळतच नाही, मघाचं वाचन कॅशमधून काढून देतो. दोन्ही उत्तरं अर्थातच जुळतात आणि पडताळणी खोटी ठरते. म्हणून चांगला प्रोग्रॅम मध्ये दुसरीकडचा बराच मोठा भाग वाचून कॅश रिकामी करून घेतो. ईएसीमध्ये ड्राइव्हची चाचणी घेण्याची सोय त्यासाठीच आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं खर्चून ती चाचणी घेतलेली बरी.

तरीही एक भोक उरतंच. एखादा ड्राइव्ह एखाद्या खराब जागी दरवेळी तीच चूक करतो. दहा वेळा विचारा, दहाही वेळा तेच चुकीचं उत्तर. अशा वेळी त्याच साक्षीदाराला पुन्हा पुन्हा विचारून उपयोग नसतो, दुसरा साक्षीदार लागतो.

तो साक्षीदार अ‍ॅक्युरेटरिपने दिला. डीबीपॉवरअ‍ॅम्प हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने हा माहितीसाठा उभा केला. कल्पना साधी आहे. जगात कुणीतरी तीच सीडी आपल्या ड्राइव्हमध्ये रिप करतो आणि त्याच्या प्रत्येक ट्रॅकचा चेकसम साठ्यात जातो. तुम्ही तीच सीडी रिप केलीत की तुमचा आकडा त्याच्याशी ताडला जातो. दोन अनोळखी माणसं, दोन वेगळे ड्राइव्ह, एकाच छापाच्या दोन वेगळ्या प्रती, आणि तरीही आकडा एकच येत असेल, तर दोघांनी एकाच जागी एकच चूक केली असं मानायला जागा राहत नाही. निकालासोबत विश्वासाचा आकडा येतो : किती जणांशी जुळलं. गाणी एकाही बाइटाने इकडची तिकडे जात नाहीत, जातो तो फक्त पडताळ्याचा आकडा.

माझ्या कोड्याचं उत्तरही इथेच सापडलं. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ट्रॅकची सुरुवात ठरावीक नमुन्यांनी मागे-पुढे धरतो. याला ऑफसेट म्हणतात. माझ्या एका ड्राइव्हचा ऑफसेट होता +६ आणि दुसऱ्याचा +६६७. म्हणजे दोघांच्या वाचनात ६६१ नमुन्यांचा फरक, वेळेत मोजलं तर पंधरा हजारांश सेकंद. आवाजातला एकही अंक कमी-जास्त झालेला नव्हता. सगळी ओळ एकसाथ सरकली होती. आणि ओळ सरकली की चेकसम बदलतो. प्रत्येक ड्राइव्हला त्याची दुरुस्ती लावून पुन्हा रिप केलं आणि दोन्ही संच जुळले. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये त्या सीडीची अवघ्या तिघांची नोंद होती, तिच्याशीही जुळले. ते तिघे कोण, कुठले, मला कधी कळणार नाही. त्यांनी कधीतरी आपल्या सीडी नीट उतरवल्या म्हणून मला माझी प्रत खरी आहे हे कळलं.

ऑफसेटबद्दल उगाच धास्ती घ्यायचं कारण नाही. सहा नमुन्यांनी सरकलेलं गाणं हे तेच गाणं असतं. दुरुस्ती लावायची ती तुलना शक्य व्हावी म्हणून.

या साठ्याच्या जोडीला क्यूटूल्सचाही एक साठा आहे आणि तो आणखी एक पाऊल पुढे गेलेला आहे. तिथे पडताळ्याच्या आकड्याबरोबर दुरुस्तीची थोडीशी माहितीही ठेवलेली असते. खराब झालेल्या सीडीच्या फाइलीत मोजके अंक चुकले असतील तर या माहितीच्या आधारे ते परत मिळवता येतात, अंदाजाने भरलेले नव्हे, मूळचे. एकाच अल्बमची वेगवेगळी छपाई ओळखण्यातही क्यूटूल्स उजवं ठरतं.

पण आपल्याकडच्या सीडीबाबत ही सगळी व्यवस्था पुष्कळदा उघडी पडते. इंग्रजी पॉपचा एखादा गाजलेला अल्बम घातला तर शेकडो जणांशी जुळतो. एखाद्या गावच्या भजनी मंडळाची, सांगली-कोल्हापुराकडच्या लोकगीतांची किंवा गोव्यातल्या तियात्राच्या गाण्यांची सीडी घातली तर बहुधा ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं. मग दोन उपाय उरतात. एक, ईएसीची ‘टेस्ट अँड कॉपी’ पद्धत : आधी पूर्ण ट्रॅक नुसता वाचून आकडा काढायचा, मग पुन्हा वाचून फाइल करायची आणि दोन्ही आकडे जुळवायचे. दुसरा, आणि मला अधिक भरवशाचा वाटणारा, वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी पुन्हा रिप करायची. मित्राकडे जुना डेस्कटॉप असेल तर त्याच्याकडे एक संध्याकाळ काढावी. आणि जुळलेला निकाल साठ्यात आठवणीने पाठवावा. मराठी सीडीची नोंद करायला दुसरं कोणी येणार नाही.

सॉफ्टवेअरचा निवाडा थोडक्यात. विंडोजवर ईएसी फुकट आहे, मांडणी किचकट आहे, पण एकदा लावली की वर्षानुवर्षं चालते. डीबीपॉवरअ‍ॅम्पला पैसे मोजावे लागतात. पाचशे सीडींचा ढीग पडला असेल तर ते पैसे वाचलेल्या वेळात वसूल होतात. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. हे चारही प्रोग्रॅम अ‍ॅक्युरेटरिपशी पडताळून पाहतात. संगणकासोबत येणाऱ्या प्लेअरमध्येही रिपिंगची सोय असते, पण ते दुसऱ्या कुणाशी पडताळत नाहीत. रोजच्या ऐकण्याला ते पुरतील. जपण्यासाठी मी वापरणार नाही. रिपिंग होऊच नये म्हणून काही कंपन्यांनी मधल्या काळात सीडीलाच कुलूप घालून पाहिलं. २००५ साली सोनी बीएमजीच्या काही सीडींनी विंडोजमध्ये गुपचूप लपून राहणारा प्रोग्रॅम बसवल्याचं विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी उघडकीस आणलं, मोठा गदारोळ झाला आणि त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. तेव्हाची एखादी परदेशी सीडी कपाटात असेल तर ती घालण्याआधी ऑटोरन बंद ठेवा.

फाइलीच्या प्रकारावर जेवढा वाद होतो तेवढा तो प्रश्न अवघड नाही. वेव्ह फाइल कच्ची असते, जागा पूर्ण खाते आणि नाव-गाव धरून ठेवायला दुबळी असते. जॉश कोल्सन यांनी २००० साली फ्लॅक या फाइल-प्रकारावर काम सुरू केलं, २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफने आरएफसी ९६३९ या क्रमांकाने ती रचना अधिकृतपणे लिहून काढली. रचना खुली आणि लिखित असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पन्नास वर्षांनी आजचा एकही प्रोग्रॅम उरला नाही, तरी तो दस्तऐवज वाचून कुणीही नवा लिहू शकेल. अ‍ॅपलची एएलएसी २००४ ची, तीही २०११ साली खुली झाली. घरात सगळी उपकरणं अ‍ॅपलचीच असतील तर ती घ्यायला हरकत नाही. दोन्ही लॉसलेस असल्याने एकातून दुसरीत केव्हाही, काहीही न गमावता जाता येतं.

लॉसलेस म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज करतो आणि खरा नमुना अंदाजापेक्षा किती वेगळा निघाला तेवढा फरक आटोपशीर लिहून ठेवतो. उघडताना अंदाज अधिक फरक, की मूळ अंक जसाच्या तसा. शून्य ते आठ अशा पायऱ्या असतात, त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही. वरच्या पायरीवर संगणक अधिक वेळ खपतो आणि फाइल थोडी लहान होते, इतकंच. सीडी सहसा मूळच्या पन्नास-साठ टक्के जागेत मावते. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून केलेल्या सीडीत एक गंमत दिसते. दोन्ही वाहिन्यांत तोच आवाज असेल तर फ्लॅक दुसरी वाहिनी जवळजवळ फुकटात लिहितो आणि फाइल निम्म्याने घटते. त्याच तबकडीची खरखर मात्र जागा खाते, कारण खरखरीचा अंदाज बांधता येत नाही. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाची एमडी५ खूणही असते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल कुठे नासली आहे का, हे एका आज्ञेत कळतं.

इथे एक भ्रम दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे घरोघर आहे. शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपी३ सीडी स्टेशनाबाहेर, जत्रेत, सगळीकडे विकल्या जात. त्या ऑडिओ सीडी नव्हेत. त्यातल्या फाइली नुसत्या कॉपी करायच्या. एमपी३ करताना जे काढून टाकलं गेलं ते फ्लॅक करून परत येत नाही, फक्त फाइल काही पटींनी मोठी होते. एमपी३ वरून पुन्हा ऑडिओ सीडी जाळलेल्या असतील तर त्या प्लेअरला अस्सल वाटतात आणि रिपही बिनचूक होतात. त्या ओळखायच्या तर स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वर्णपट पाहावा. १२८ किलोबिटांच्या एमपी३ मध्ये १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास वरचा भाग सुरीने कापल्यासारखा संपलेला दिसतो. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात, तेव्हा तेवढ्यावरून कुणावर आरोप करू नये.

वाचन झालं, फाइल झाली. आता नावं. माझ्या मते मराठी संग्रहांत सर्वांत मोठी पडझड इथे झाली आहे, आणि ती कोणत्याही ड्राइव्हने केलेली नाही. सीडीवर बहुधा गाण्याचं नाव नसतंच. प्रोग्रॅम ट्रॅकच्या लांब्यांवरून सीडी ओळखतो आणि म्युझिकब्रेन्झसारख्या लोकांनी भरलेल्या साठ्यातून नावं आणतो. मराठी सीडीची नावं येतात ती रोमन लिपीत, प्रत्येकाची वेगळी स्पेलिंगं घेऊन, कधी दुसऱ्याच सीडीची. फ्लॅकमधल्या नोंदी युनिकोडमध्ये असल्याने देवनागरी बिनधोक चालते. मी आता सगळं देवनागरीतच लिहितो. तिथेही एक खाचखळगा आहे : ‘अ‍ॅ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एक जोडून आणि एक स्वतंत्र. डोळ्याला सारखं दिसतं, पण शोधताना सापडत नाही. एक तऱ्हा धरावी आणि सोडू नये.

‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि ‘भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक आहेत. शिवाय ‘पं.’ लावलं की सगळे पंडित ‘प’ खाली गोळा होतात. आदर मनात असतोच. गायकाच्या रकान्यात नाव बिरुदाशिवाय लिहावं. पाश्चात्त्य धाटणीच्या नोंदींत बहुधा ‘आर्टिस्ट’ एकच असतो. आपल्या भावगीताला गायक, संगीतकार आणि कवी असे तिघे हवेत, अभंगाला संत आणि चाल देणारा, नाट्यपदाला नाटकाचं नाव आणि रागसुद्धा. फ्लॅकमध्ये आपल्याला हवे ते रकाने वाढवता येतात, ‘राग’ आणि ‘ताल’ असे रकाने खुशाल करावेत. गीतरामायणाचंच पाहा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ती ५६ गीतं अनेक गायक-गायिकांनी गायली. नंतर घरोघर पोचलेला संच एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातला. गायकाचा रकाना नीट भरला नाही, तर पुढच्या पिढीला ही दोन रूपं निराळी आहेत हेच कळणार नाही.

सीडीच्या आतली पुस्तिका स्कॅन केल्याशिवाय सीडी परत कपाटात ठेवू नका. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोणते शिष्य बसले होते, मैफल कुठल्या वर्षी आणि कुठल्या गावी झाली, हे पुष्कळदा त्या चार पानांखेरीज कुठेच लिहिलेलं नसतं. साथसंगतकारांची नावं स्ट्रीमिंगवर सर्रास गळतात.

शास्त्रीय गायनाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर असतं, पण गाणं मध्ये थांबलेलं नसतं. एमपी३ मध्ये त्या सांध्यावर पुष्कळदा क्षणभर खंड पडतो. फ्लॅकच्या तुटक फाइली सलग वाजवल्या तर अंकाला अंक भिडतो आणि तानपुरा तुटत नाही. आवाज लहान-मोठा वाटला म्हणून रिप करताना नॉर्मलाइझ करू नये. अंक बदलले की पडताळणी गेली. त्यासाठी रीप्लेगेनची नोंद असते, ती प्लेअरला आवाज किती ठेवायचा ते सांगते आणि मूळ अंकांना हात लावत नाही. १९८० च्या दशकातल्या काही सीडी प्री-एम्फसिसने, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम चढवून, छापल्या आहेत. प्लेअर ते आपोआप उतरवतो, रिप केलेल्या फाइलीत ते चढलेलेच राहतात. एखादी जुनी सीडी संगणकावर कर्कश वाटली तर आधी ही शंका घ्यावी.

तबकडीच्या प्रकृतीबद्दल. बहुतेक लोक चकचकीत बाजू जपतात आणि सीडी छापील बाजूवर टेकवून ठेवतात. खरं तर अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूला लागून, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, आणि खालच्या बाजूला १.२ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट असतं. खालचा चरा पुष्कळदा घासून सुधारतो, वरचा चरा थेट गाणं घेऊन जातो. पुसायचं ते मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर पडणारा चरा रेषेच्या दिशेने जातो आणि चूक-दुरुस्तीला नेमकं तेच झेपत नाही. कोकणात आणि मुंबईत बुरशी हा वेगळा शत्रू आहे. कडेने आत शिरणारे नक्षीदार डाग दिसले तर ती सीडी रांगेत पुढे घ्यावी. सीडी उजेडासमोर धरली आणि टाचणीएवढी भोकं चमकली, तर तिथला अ‍ॅल्युमिनियम गेलेला आहे.

कायद्याचा मुद्दा लोक विचारतात. भारताच्या प्रताधिकार कायद्यातल्या कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीचा उचित वापर उल्लंघन मानलेला नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगणक प्रोग्रॅम वगळता सर्व कृतींना, म्हणजे ध्वनिमुद्रणांनाही, ती सवलत लागू झाली. ब्रिटनमध्ये अशीच मुभा ऑक्टोबर २०१४ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने रद्द केली. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःच्या कानांसाठी केलेली प्रत आणि तीच प्रत चारशे जणांच्या गटात टाकणं, या दोन गोष्टींत फरक आहे, आणि छोट्या प्रकाशकांच्या बाबतीत तो काटेकोर पाळावा.

फाइली तयार झाल्यावर त्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा बहिणीकडे. एका हार्ड डिस्कवर तीनशे सीडी आणि दुसरी प्रत नाही, यापेक्षा कपाटातल्या सीडी अधिक सुरक्षित होत्या.

राहिला कामाचा क्रम, आणि त्याबाबत माझं मत ठाम आहे. माणसं आवडत्या, गाजलेल्या सीडींपासून सुरुवात करतात. त्या सर्वांत शेवटी घ्या. कारखान्यात छापलेली सीडी तुमची खराब झाली तरी दुसऱ्या कुणाकडे तरी असते. सुरुवात करायची ती घरी जाळलेल्या सीडी-आरपासून. दोन हजार सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत लोकांनी कॅसेटवरच्या घरगुती मैफली, आजीच्या ओव्या, गावातली कीर्तनं, नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलाला पाठवायला केलेली ध्वनिमुद्रणं सीडी-आरवर उतरवली आणि कॅसेटी टाकून दिल्या. या तबकड्यांवर छापील खड्डे नसतात, सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि तो उजेडाने व उष्णतेने उतरत जातो. चिकटवलेली कागदी लेबलं सुटताना वरचा थर ओढून नेतात, म्हणून ती सोलायच्या भानगडीत पडू नका, लेबलासकटच ड्राइव्हमध्ये घाला. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये त्यांची नोंद असणार नाही, कारण जगात प्रत एकच आहे. दोन ड्राइव्हमध्ये वाचा, आकडे जुळवा, जिथे जुळणार नाहीत तिथला मिनिट-सेकंद लिहून ठेवा, आणि कोण गातं आहे, कोणत्या घरात, साधारण कोणत्या वर्षी, हे सांगू शकणारं माणूस हयात आहे तोवर त्याला शेजारी बसवून नावं भरा. तशी एखादी सीडी-आर तुमच्या घरी असेल, तर ती या रविवारीच काढा.